लाल बंब, खाकी पंप आणि गिरजाबाईंची विहीर

मी बंबवाला होतो असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "आगीची भीती नव्हती वाटत?" खरं सांगायचं तर आगीची सवय होते. मला काळजी असायची ती पाण्याची. ते कुठे आहे, किती खोल आहे आणि वेळेवर आपल्या नळीत येईल की नाही, याची. तेवीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी लोकांच्या विहिरींत वाकून बघण्यात गेली. आमची बायको म्हणायची, पाहुण्यांकडे गेलं तरी हे आधी विहीर बघतात, माणसं मग.

गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापसाचं. नाव सांगत नाही. त्या वेळच्या कमिटी मेंबरांची नातवंडं आजही रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात आणि ते नमस्कार मला घालवायचे नाहीत. नगरपालिकेत माझा हुद्दा होता 'बंब जमादार'. लढाईच्या काळात मी पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत आग विझवणाऱ्या तुकडीत होतो. तिथे पंप उघडायला शिकलो आणि, त्याहून अवघड म्हणजे, उघडलेला परत जोडायला शिकलो. तेवढ्या विद्येवर ही नोकरी लागली.

हाताखाली सहा माणसं आणि एक बंब. बंब म्हणजे बैलगाडीवर बसवलेला हातपंप. दोन्ही बाजूंना लांब दांडे, तीन माणसं इकडून दाबणार, तीन तिकडून. मधल्या हौदात कोणी तरी बादल्यांनी पाणी ओतत राहायचं. नळी चामड्याची आणि जागोजागी फुटलेली, त्यामुळे बंब चालू झाला की आग सोडून बाकी सगळे भिजत. गाडी ओढायला नगरपालिकेचे दोन बैल आणि ते हाकायला सीताराम. सीताराम तेव्हा चाळिशीचा असेल. उंच, सावळा, बैलांशी दिवसभर बोलणारा आणि माणसांशी मोजकं.

एकदा समुद्रपूरच्या रस्त्याला एका शेतात कडब्याची गंजी पेटली. निरोप आला तेव्हा बैल चरायला गेलेले. ते आणले, जुंपले, दोन कोस गेलो. पोचलो तेव्हा राख गार झाली होती आणि शेतकरी बांधावर बसून विडी ओढत होता. आम्हाला बघून उठला. म्हणाला, "या जमादार. आता आलेच तं चहा घेऊन जा." आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. तेवढ्यात आगीतून ज्या चार पेंढ्या वाचल्या होत्या, त्या आमच्या बैलांनी खाऊन टाकल्या.

हे हसण्यावारी गेलं. पण जिनमधली आग हसण्यावारी जात नाही. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर गाड्याच्या गाड्या कापूस येतो आणि आवारात त्याच्या घरासारख्या उंच गंज्या लागतात. कापसात एखादा खडा आला, तो यंत्राच्या लोखंडावर घासला आणि ठिणगी उडाली की संपलं. कापसाची आग आधी वरून वाऱ्यासारखी पळते, नजरेला दिसते न दिसते. मग आत शिरते आणि आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसत राहते. तिला भरपूर पाणी लागतं आणि लगेच लागतं. आमचा बैलबंब तिच्यापुढे म्हणजे लग्नातलं अत्तर शिंपडणं.

म्हणून नगरपालिकेने मोटारबंब घ्यायचं ठरवलं. अर्ज आधी नागपूरला गेला. तो तिथे असतानाच राज्य बदललं, राजधानी मुंबईला गेली आणि तिच्या मागोमाग आमचा अर्जही गेला. तो मंजूर होऊन आला तेव्हा गावात सर्वांत जास्त आनंद नगराध्यक्ष बापूसाहेबांना झाला. बापूसाहेब वकील. माणूस अतिशय सज्जन, फक्त फोटोची हौस दांडगी. त्यांनी नव्या बंबाशेजारी उभं राहून काढायच्या फोटोसाठी कोट शिवायला टाकला.

सीताराम मात्र त्या दिवशी संध्याकाळी माझ्या घरी आला. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "जमादार, बैलाईचं काय?"

"कचऱ्याच्या गाडीला जुंपणार आहेत."

"अन् मले?"

मी म्हणालो, "बघू. सकाळी येजो."

पहिला बंब दाखवायला आला तो मुंबईच्या कंपनीचा. त्याच्याबरोबर एजंट होते कुलकर्णी, मूळ पुण्याचे, पांढरी पँट, अतिशय शुद्ध बोलणं. आणि बंब! लालभडक, आगगाडीच्या इंजिनासारखा लांब, वर शिडी, पुढे पितळी घंटा. बाजाराच्या मैदानात अर्धा गाव जमा झाला. कुलकर्ण्यांनी खूण केली, ड्रायव्हरने पंप सुरू केला आणि पाण्याचा फवारा चिंचेच्या झाडाच्या वरून पलीकडे गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ड्रायव्हरने नळी जरा खाली केली. उन्हात तापलेली माणसं त्या पाण्याखाली नाचायला लागली. बापूसाहेब भिजले आणि तरी हसत होते. निवड तिथेच झाल्यात जमा होती.

मी मात्र घड्याळ बघत होतो. बंबाच्या पोटातल्या टाकीतलं पाणी काही मिनिटांत संपलं.

"साहेब," मी कुलकर्ण्यांना म्हणालो, "आता विहिरीवरून चालवून दाखवता का?"

"अगदी आनंदाने," ते म्हणाले.

गावात दोन जिन होत्या, त्यांच्या मधोमध गिरजाबाईंची भाजीची वाडी होती. गिरजाबाई विधवा, पन्नाशीच्या. वांगी, मिरची, कांदे पिकवायच्या आणि आपणच बाजारात विकायच्या. त्यांची विहीर मोठी, पायऱ्यांची. दगडी पायऱ्या अर्ध्यापर्यंत उतरत आणि तिथे चार-पाच माणसं उभी राहतील एवढा ओटा होता. पाणी उन्हाळ्यातही आटत नसे, पण खूप खाली जाई. त्या दिवशी मी दोरी टाकून मोजलं तर काठापासून चाळीस फूट.

लाल बंब वाडीच्या कडेला उभा राहिला. जाड नळी विहिरीत सोडली. इंजिन गरजायला लागलं. सगळा गाव विहिरीभोवती वाकून बघत होता. पाणी काही येईना. कुलकर्ण्यांनी वॉशर बदलला. नळीच्या सांध्यांना ओली माती लावली. कोट काढला. इंजिन आणखी जोरात चालवलं, तेव्हा झाडावरचे कावळे उडून गेले.

गिरजाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "जमादार, इतला मोठा आवाज करून राह्यला हा, मंग पानी पेत काऊन नाई?"

कुलकर्णी घाम पुसत म्हणाले, "मावशी, पाणी फार खोल आहे हो."

"मंग काय वर आनून देऊ त्याले? वर आनता आलं असतं तं तुमचा बंब कायले पायजे होता?"

लोक हसले. मला मात्र कुलकर्ण्यांची दया आली, कारण दोष त्यांच्या बंबाचा नव्हता. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो ओढत नाही. तो नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा पाण्याला दाबून नळीत वर चढवते. त्या हवेत जेवढा जोर, तेवढंच पाणी चढणार. पंप कितीही भारी असू द्या, पंचवीस फुटांच्या पलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही. मुंबईत रस्त्याखाली नळ आहेत, बंबाने तोंड लावलं की पाणी. आमच्या गावात नळ यायला अजून बरीच वर्षं होती.

पण एक गोष्ट आहे. पाणी ओढायला हवेची मर्यादा, वर ढकलायला ती मर्यादा नाही. म्हणजे पंपालाच खाली पाण्याजवळ नेलं की काम झालं. पुलगावला आमच्याकडे तसले छोटे पंप होते, चार माणसांनी दांड्यांना धरून पालखीसारखे उचलायचे. लष्कराचा जुना माल विकणाऱ्या नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे तसला पंप आणि तो ओढायला एक जीप होती. मी बापूसाहेबांच्या पाठी लागून ती जोडी चाचणीसाठी मागवून घेतली होती. जीप खाकी, पंप खाकी, दोन्हींवर पोचे. मैदानात सकाळपासून उभी होती, पण कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

आम्ही चौघांनी पंप उचलला आणि पायऱ्या उतरून ओट्यावर ठेवला. तिथून पाणी वीस फुटांच्या आतच. दोन झटक्यांत इंजिन लागलं, वर नळी फुगली आणि धार सरळ गिरजाबाईंच्या वांग्यांवर पडली.

"हा पेला पाहा पानी!" गिरजाबाई ओरडल्या.

संध्याकाळी कमिटी बसली. तुम्हाला वाटेल, निर्णय सोपा होता. पण मेंबरांच्या डोळ्यांसमोरून तो लाल बंब जाईना. एक जण म्हणाला, विहिरी काय, आणखी खणता येतील. दुसरा म्हणाला, गावाची काही शान आहे की नाही? बापूसाहेबांनी कोट अंगात घातला होता. मला विचारलं तेव्हा मी ओढणं-ढकलणं समजावून सांगितलं. ते कोणाला पटलं असं दिसलं नाही.

तेव्हा कुलकर्णी उभे राहिले.

"मी हा बंब विकायला आलोय," ते म्हणाले, "त्यामुळे मी हे बोलणं बरं दिसणार नाही. पण आपण आमचा बंब घेऊ नका. तो उत्तम आहे, पण आपल्या गावासाठी नाही. उद्या जिन पेटली आणि हा विहिरीवर नुसताच गरजत उभा राहिला, तर त्या मावशी मला जे बोलतील ते मला मुंबईपर्यंत ऐकू येईल."

त्या माणसाने अख्खा दिवस उन्हात घालवून आपला सौदा आपल्या हाताने मोडला होता. मी आयुष्यात पुष्कळ विक्रेते पाहिले, असा दुसरा पाहिला नाही.

बापूसाहेब हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्या गावाले लाल बंब नाहीच?"

"साहेब," मी म्हणालो, "रंग आपण देऊ."

तसा तो खाकी पंप आणि ती जीप आठ दिवसांत लाल झाली. कुलकर्ण्यांनी मुंबईहून पार्सलने एक पितळी घंटा पाठवली, सोबत चिठ्ठी: 'शान म्हणून.' फोटो निघाला. त्यात बापूसाहेब इतके मधोमध आहेत की पंप दिसत नाही.

पंप चालवायला माणूस हवा होता. मी सीतारामला बोलावलं. तो पंपाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "याले कान नाईत, जमादार. माह्यं ऐकन कसा?"

"तू याचं ऐक. आवाजावरून कळतं."

तीन आठवड्यांत तो माझ्यापेक्षा बरा चालवायला लागला. इंजिन अडखळायच्या आधीच त्याला कळायचं. त्याच्याशी बोलायचाही. "हो रे राजा, हो रे," असं म्हणत झडप हळूहळू उघडायचा. सकाळी कामावर यायच्या आधी मात्र कचराडेपोवर जाऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवून यायचा.

होळीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, गिरजाबाईंच्या वाडीला लागून असलेली जिन पेटली. घंटा वाजवत आम्ही पोचलो तेव्हा एक गंजी पेटली होती आणि वारा तिच्याकडून प्रेसच्या, म्हणजे कापूस दाबून गठाणी बांधायच्या, शेडकडे वाहत होता. शेडमध्ये बांधलेल्या गठाणी छतापर्यंत रचलेल्या. कामकरी बायका बाहेर पळत होत्या. आम्ही पंप उचलून विहिरीत ओट्यावर नेला.

इथे मला माझी चूक सांगायची आहे. इंजिनाचा धूर विषारी असतो. उघड्यावर उडून जातो, विहिरीत साचतो. म्हणून मी त्याला टिनाचा लांब पाइप लावून धूर काठाबाहेर काढायची सोय केली होती. तो पाइप बोल्टने कसायला हवा होता. मी घाईत तारेने बांधला आणि सीतारामला पंपाशी ठेवून वर पळालो. नळीचं तोंड हातात घेतलं. पाणी आलं, असं आलं की दोघांना धरावं लागलं. गंजीचा वरचा जाळ बसायला लागला. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ज्या पाण्यासाठी झुरलो, ते माझ्या हातात होतं.

तेवढ्यात भिंतीवरून गिरजाबाईंचा आवाज आला.

"जमादार! सीताराम बसला खाली!"

"बसू दे, मावशी! एक मिनिट!"

"मिनिट तुह्या घरी ठेव! मानूस मरून राह्यला माह्या विहिरीत!"

ते 'एक मिनिट' मी का म्हणालो, याचा विचार मी पुढे अनेकदा केला. जाळ शेडपासून दहा हातांवर होता, हे खरं. पण तरीही.

मी नळी दुसऱ्याच्या हातात देऊन पळालो. खाली पाहिलं. तार थरथरून सुटली होती, पाइप पाण्यात पडला होता आणि सीताराम भिंतीला डोकं टेकून झोपल्यासारखा बसला होता. ओला रुमाल तोंडाला बांधून मी आणि माझा एक माणूस उतरलो. आधी इंजिन बंद केलं. मग त्याला खांद्यावर घेतलं. बेचाळीस पायऱ्या. मी त्या मोजल्या, कारण दुसरं काही मनात आणायचं नव्हतं.

वर आणून त्याला वाऱ्यावर बांधावर झोपवलं. गिरजाबाई पदराने वारा घालत आणि गालांवर चापट्या मारत होत्या. "सीताराम! ओ सीताराम! उठ ना बापा!" तिकडे पाणी बंद झालं होतं. मी पाठ करून बसलो होतो. शेड गेलीच असं मी धरून चाललो होतो.

सीताराम ओकला, खोकला आणि त्याने डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. कानोसा घेतला.

"पंप बंद कोनं केला?" तो म्हणाला.

गिरजाबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही.

मग मी मागे वळून बघितलं. शेड उभी होती. बाहेर पळालेल्या कामकरी बायका परत आत शिरल्या होत्या. गंजी आणि शेड यांच्यामध्ये सुटा कापूस पसरला होता, तो त्यांनी ओंजळींनी, टोपल्यांनी, लुगड्याच्या पदरात भरभरून बाजूला ओढला होता. मधली जमीन उघडी पडली आणि जाळाला पुढे यायला काही उरलं नाही. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. पंचवीस-तीस जणी होत्या, चेहरे काळे, केसांत कापूस.

पाइप पाण्यातून काढून या वेळी बोल्टने कसला. खाली मी स्वतः उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत गंजी आटोक्यात आली. अर्धी गेली. शेड, यंत्रं आणि सगळ्या गठाणी वाचल्या. तिसऱ्या दिवशी जिन सुरू झाली.

पुढच्या रविवारी नगरपालिकेत सत्कार झाला. बापूसाहेबांनी आधी त्या सगळ्या बायकांना बोलावून ओळीने नारळ दिले, एकीलाही न चुकता, आणि फोटोत त्या दिवशी ते पहिल्यांदाच कडेला उभे राहिले. मला शाल दिली. गिरजाबाईंना शाल द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतले.

"उन्हाचे दिस आले, साहेब. शाल पांघरून मी काय करू?"

"मग काय देऊ? सांगा."

त्या जरा लाजल्या. "मले काई नाई पायजे. एक डाव त्या पंपानं माह्यी वाडी भिजवून द्या."

बापूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. वकील माणूस, कायदा आठवत असावेत. मी म्हणालो, "साहेब, आठवड्यातून एकदा पंप चालवून बघावाच लागतो. नाही तर गंजतो. पाणी कुठे तरी सोडावंच लागणार."

"मग सोडा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीत गेलो. गिरजाबाई लग्न होऊन आल्यापासून त्या विहिरीवर मोट चालत होती. मोट वर यायची, पाटात रिकामी व्हायची, पाणी हळूहळू पुढे सरकायचं आणि एक वाफा भरेपर्यंत त्या फावड्यावर हनुवटी टेकून उभ्या राहायच्या. तीस-पस्तीस वर्षं पाण्याची वाट बघण्यात गेली होती. त्या दिवशीही त्या तशाच पाटाच्या कडेला निवांत उभ्या होत्या.

"सोड रे सीताराम!" मी ओरडलो.

नळी फुगली, धार पाटात कोसळली आणि पाणी सुटलं ते घोड्यासारखं. त्यांनी घाईघाईने पहिल्या वाफ्याचं तोंड उघडलं. वळून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिला तुडुंब. दुसरा उघडला, तोही भरला. त्यांनी लुगडं वर खोचलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि धावायला लागल्या. पाणी मागे, गिरजाबाई पुढे. मिरचीतून कांद्यात, कांद्यातून वांग्यांत. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेल्या, धाप लागलेली, आणि मोठमोठ्याने हसत.

"अरे थांब नं बापा! मले धावू तं दे!"

जिनमधल्या बायका भिंतीवरून बघायला आल्या. आमची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी पंप थांबवायला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. शेवटचा वाफा भरेपर्यंत त्या धावत होत्या.